कुत्र्याला अन्न बाधते तेव्हा...

कुत्रा सतत पंजे चाटू लागला, कान खाजवू लागला, की घरातील मंडळींना प्रथम पिसवा-गोचिडांचा संशय येतो. तो रास्तही असतो. मात्र कीटकांचा बंदोबस्त करूनही खाज बाराही महिने कायम राहिली, कान वारंवार सुजू लागले किंवा जोडीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर दोष आहारात आहे का, हे पडताळून पाहावे लागते.

अन्न बाधण्याचे प्रामुख्याने दोन प्रकार आहेत. दुधातील लॅक्टोज ही साखर अनेक प्रौढ कुत्र्यांना पचत नाही व जुलाब होतात. ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच अन्नातील एखाद्या प्रथिनाला शत्रू मानते. वर्षानुवर्षे खाल्लेल्या पदार्थाचीही अशी ॲलर्जी जडू शकते.

२०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा २९७ कुत्र्यांची माहिती तपासण्यात आली. त्यांपैकी ३४ टक्के कुत्र्यांना गोमांस, १७ टक्क्यांना दुग्धजन्य पदार्थ, १५ टक्क्यांना चिकन, तर १३ टक्क्यांना गहू बाधत असल्याचे आढळले. यांतील दूध, पोळी व चिकन हे पदार्थ मराठी घरांतील कुत्र्यांच्याही नेहमीच्या खाण्यातले आहेत.

रक्ततपासणीतून या ॲलर्जीचे खात्रीलायक निदान होत नाही. त्यासाठी कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एखादे प्रथिन व एखादा पिष्टमय पदार्थ, एवढाच आहार साधारणतः ८ आठवडे द्यावा लागतो. प्रथिनांचे सूक्ष्म तुकडे करून बनविलेले विशेष खाद्यही चालते. या काळात बिस्किट, चघळायचे हाड, इतकेच नव्हे तर मांसाची चव असलेली औषधी गोळीही वर्ज्य. आजीने मायेने टाकलेला पोळीचा एक तुकडाही सारी मेहनत वाया घालवू शकतो.

खाज थांबली म्हणजे निदान झाले, असेही नाही. पूर्वीचे अन्न पुन्हा सुरू करून पाहावे लागते. बहुतेक ॲलर्जीग्रस्त कुत्र्यांना त्यानंतर २ आठवड्यांच्या आत पुन्हा खाज सुटते व संशयावर शिक्कामोर्तब होते. मग एकेक पदार्थ स्वतंत्रपणे देऊन नेमका अपराधी शोधता येतो.

घरगुती आहारात कॅल्शियमसारख्या घटकांची उणीव राहू शकते, त्यामुळे ही चाचणी पशुवैद्यांच्या देखरेखीखालीच करावी. तोंड अचानक सुजले किंवा श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, तर मात्र कोणतेही प्रयोग न करता तातडीने दवाखाना गाठावा.