वळिवड्याचे पाहुणे

मुलांनो, निर्वासित म्हणजे उर्दूतला पनाहगुजीन. उंब्रजहून कऱ्हाडमार्गे कोल्हापूरला गेलात, तर जवळचे वळिवडे अवश्य पाहा. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती.

१९४३ सालीच बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. आपलीच माणसे उपाशी असताना लहानशा कोल्हापूर संस्थानाने परक्यांना का सांभाळावे, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. पण छावणीचा खर्च सुरुवातीला लंडनमधील पोलिश सरकार करत होते. संस्थानाने जागा दिली, शेजार दिला. माझ्या मते हीसुद्धा मदतच. फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासित आले. तेच आजचे गांधीनगर.