तेरा पायऱ्यांचं घर

'बंगला' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुमजली वास्तू येते. पुढे पोर्च, वर गच्ची, फाटकावर नावाची पाटी. ब्रिटनमध्ये 'बंगलो' म्हणजे मात्र जिना नसलेलं, एकमजली घर. शब्द मूळचा आपल्याकडचाच, बंगाली धाटणीच्या घरावरून इकडे आलेला. त्यामुळे इथलं एखादं सत्तरीतलं जोडपं "आम्ही बंगलो बघतोय" म्हणालं, तर त्यांना लॉटरी लागली असं समजू नये. गुडघे दुखायला लागले असतील, असं समजावं.

लंडनच्या वायव्येला हॅरोत राहणारे आमचे एक काका-काकू आहेत. रक्ताच्या नात्याचे नाहीत, पण मी या देशात आलो तेव्हा पहिले तीन आठवडे त्यांच्याकडेच राहिलो होतो. काका आता अठ्ठ्याहत्तरचे, काकू चौऱ्याहत्तरच्या. मेट्रोपॉलिटन रेल्वेने रुळांच्या कडेची उपनगरं 'मेट्रोलँड' म्हणून जाहिराती करून लोकप्रिय केली, त्या काळातलं, म्हणजे १९३०च्या दशकातलं त्यांचं घर. त्यांनी ते १९८१ साली घेतलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर तीन बेडरूम आणि घरातलं एकमेव बाथरूम-टॉयलेट. मध्ये तेरा पायऱ्या, वर जाता जाता एक वळण. इंग्लंडमध्ये नव्या घरांना प्रवेशाच्या मजल्यावर टॉयलेट असलंच पाहिजे असा नियम झाला तो १९९९ साली. त्याआधीच्या लाखो घरांत अशीच रचना आहे.

गेल्या नोव्हेंबरात काकू धुतलेल्या कपड्यांचा ढीग दोन्ही हातांत घेऊन खाली येत होत्या. शेवटची पायरी संपली असं वाटलं, पण ती उरली होती. मनगट मोडलं. खुबा वाचला, हेच नशीब. एनएचएसच्या माहितीनुसार पासष्टी ओलांडलेल्या दर तिघांपैकी एक जण वर्षात एकदा तरी पडतो, आणि ऐंशीनंतर दर दोघांतला एक.

त्यांची मुलगी मिल्टन कीन्सला राहते. तिने आठवडाभरात तिच्या घरापासून दहा मिनिटांवरचा एक बंगलो शोधून काढला. काका म्हणाले, "या घरातून मी आडवाच बाहेर पडणार." मुलगी फोनवर रडली. मग काकांनी मला बोलावून घेतलं. "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, हिशेब मांड. आकडे बघून ठरवू."

मी एक्सेल उघडलं आणि तीन रकाने केले. विकून लहान घर घेणं, वृद्धांसाठीच्या फ्लॅटमध्ये जाणं, आणि आहे त्याच घरात सोयी करून राहणं. इथे आई-वडील किंवा सासू-सासरे असलेल्या वाचकांना उपयोगी पडेल म्हणून तो हिशेब थोडक्यात देतो.

पहिला रकाना विकण्याचा. मोठं घर विकून लहान घेतलं तर पैसे सुटतात, हे खरंच. पण लहान घरावरही स्टॅम्प ड्यूटी लागते. सध्याच्या दराने साडेचार लाख पौंडांच्या बंगलोवर ती साडेबारा हजार पौंड होते. त्यावर एजंटचं कमिशन, सॉलिसिटर, सर्व्हे, सामान हलवणारे. शिवाय बंगलो फारसे नवे बांधले जात नाहीत आणि मागणी भरपूर, त्यामुळे खोल्या कमी झाल्या म्हणून किंमत तितकी कमी होत नाही. काकांच्या मनात आणखी एक भीती होती, की लहान घर घेतलं तर मुलीला वारसा कर जास्त बसेल. राहतं घर मुलांना दिल्यास प्रत्येकी १,७५,००० पौंडांपर्यंतची जी जादा सवलत मिळते, ती लहान घर घेतल्याने आपोआप बुडत नाही. ८ जुलै २०१५ पासून पुढे झालेल्या विक्रीसाठी ती भरून काढायची तरतूद कायद्यात आहे. अटी आहेत, तेव्हा जाणकाराला विचारून घ्यावं.

दुसरा रकाना रिटायरमेंट फ्लॅटचा. लिफ्ट असते, मदतीसाठी ओढायची दोरी असते, शेजार असतो. पण हे फ्लॅट बहुतेक लीजहोल्डवर असतात आणि सर्व्हिस चार्ज दर वर्षी भरावा लागतो. काही ठिकाणी पुढे फ्लॅट विकताना किमतीचा ठरावीक हिस्सा कंपनीला द्यावा लागतो. करारातलं ते कलम सही करण्याआधी वाचायचं. काकूंनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत विचारलं, "आणि फोडणी घातली की धुराची घंटा वाजते, त्याचा कॉलम कुठाय?" मी हसलो. तो प्रश्न किती खरा होता हे नंतर कळलं.

तिसरा रकाना घरात बदल करण्याचा. त्यासाठी आधी कौन्सिलच्या सोशल केअर विभागाला फोन करायचा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून घराची पाहणी मागायची. उत्पन्न कितीही असो, ही पाहणी फुकट होते. काकांना हे पंचेचाळीस वर्षं कर भरूनही माहीत नव्हतं. "आपण काय अपंग आहोत का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत गाडी इथेच अडते.

काही आठवड्यांनी थेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी पायऱ्यांची, पलंगाची, खुर्चीची उंची मोजली. काकूंना म्हणाल्या, "रोज करता तसा चहा करून दाखवा." काकूंनी आलं किसून सगळ्यांना चहा केला आणि बाई त्यांचे हात, पाय, वळणं बघत राहिल्या. मग सहज विचारलं, "दिवसातून वर किती वेळा जाता?"

काकू म्हणाल्या, "दोनदा. टॉयलेट वर आहे ना. म्हणून दुपारी चारनंतर मी पाणी पीत नाही."

खोलीत कोणी काही बोललं नाही. काकांनी कप खाली ठेवला. जवळजवळ पन्नास वर्षांच्या संसारात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी तीन रविवार तिथे बसून हिशेब मांडत होतो, मुलगी रोज फोन करत होती. काकूंना असा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता. माझ्या एक्सेलमध्ये घराची किंमत दोन दशांश चिन्हांपर्यंत होती. तहान कुठेच नव्हती.

त्या दिवसानंतर हिशेबाची दिशा बदलली. पाहणीनंतर ठरलेली एक हजार पौंडांपर्यंतची किरकोळ कामं इंग्लंडमध्ये फुकट होतात. त्यातून जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसला, मागच्या दाराशी अर्धी पायरी आणि टबाशेजारी धरायला दांडे आले. मोठ्या कामासाठी 'डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट' असतं, इंग्लंडमध्ये तीस हजार पौंडांपर्यंत. प्रौढांसाठी ते उत्पन्न आणि बचत बघून मिळतं, मात्र राहत्या घराची किंमत त्यात धरत नाहीत. काकांची बचत बरी असल्यामुळे त्यांना ते मिळण्यासारखं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या पैशांनी गॅरेजच्या जागी टॉयलेट आणि उंबरठा नसलेला शॉवर करून घेतला. अशा काही कामांवर व्हॅट माफ होतो किंवा कमी लागतो. पण ते कंत्राटदाराशी काम सुरू होण्याआधी बोलावं लागतं, बिल आल्यावर नाही. खुर्चीची लिफ्ट सध्या घेतली नाही. वळणाच्या जिन्याला रूळ मापाने बनवावा लागतो आणि सरळ जिन्यापेक्षा तो बराच महाग पडतो.

कामं होईपर्यंत मिल्टन कीन्सचा विषय बाजूला होता. शेवटी मुलगी हॅरोला आली आणि आईलाच थेट विचारलं, "तुला कुठे राहायचंय?"

काकूंनी उत्तर तयार ठेवलं होतं. "तुझ्याजवळ राहायला मला आवडेल गं. पण तू सकाळी आठला जातेस ती सहाला येतेस. मला गाडी येत नाही. इथे माझ्याकडे फ्रीडम पास आहे. बस, ट्यूब, कुठेही फुकट फिरते. लायब्ररीत जाते, वेम्बलीला भाजी आणते, डॉलिस हिलला मंडळात जाते. लंडन सोडलं की तो पास जाणार. मग मी तुझी वाट बघत खिडकीत बसणार."

मला हे सुचलं नव्हतं. लंडनबाहेर गेल्यावर म्हाताऱ्यांना बसचा पास मिळतो, तोही गर्दीची वेळ सोडून. ट्यूब नाही. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात (ते १९३२ सालचं आहे) काकू चाळीस वर्षं गणपतीच्या मोदकांना जातात. त्यांच्यासाठी घर तेरा पायऱ्यांवर संपत नव्हतं. बस स्टॉप, भाजीवाला आणि डॉलिस हिलचा हॉल मिळून ते घर होतं.

मुलीचंही खोटं नव्हतं. ती म्हणाली, "आई, आज तुला जमतंय. पण ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी चाळीस-पन्नास वर्षांचं सामान आवरायचं बळ तुम्हा दोघांत नसेल. तेव्हा मी रजा काढून, घाईत, मिळेल ते घर घेईन. मग मला दोष देऊ नका." हे ऐकून काकाही गप्प झाले. कारण इथे अशी घाईतली घरं आम्ही सगळ्यांनी बघितली आहेत. हॉस्पिटलच्या खाटेवरून थेट नव्या जागी, आणि देव्हारा कुठल्या खोक्यात गेला हे कुणालाच माहीत नाही.

मग त्या दुपारी त्यांनी काय केलं ते सांगतो. कालनिर्णयचं जुनं पान उलटं केलं आणि त्यावर तीन ओळी लिहिल्या. काकांनी गाडी चालवणं सोडलं तर. दोघांपैकी एकच उरलं तर. कठडा धरूनही जिना चढवेना झाला तर. यातलं एक जरी घडलं, तरी घर विकायचं आणि मुलगी सांगेल त्या गावात जायचं, वाद न घालता. तिघांनी सह्या केल्या. वरचं वाक्य काकांनी लिहिलं, "आज शुद्धीत असताना ठरवलेलं."

आणि दर रविवारी माळ्यावरचं एक खोकं खाली काढायचं ठरलं. काढायला मी जातो. पहिल्या खोक्यात १९७३च्या विमानप्रवासाची तिकिटं, मुलीचे शाळेतले रिपोर्ट आणि तीन बंद पडलेले मिक्सर निघाले. मिक्सर टाकायला काका तयार नव्हते. दोन टाकले, एक ठेवला.

मला वाटतं, जागा बदलायची की जागेत बदल करायचा, याला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. पण प्रश्न विचारण्याची वेळ पडल्यानंतरची नसावी, आणि रोज जिना चढणाऱ्या माणसाला तो आधी विचारावा. किंमत नंतर बघू.

परवा हे सगळं मी आईला फोनवर सांगत होतो. आई-बाबा डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार असं मी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय. तिथे कौन्सिलची बाई मोजपट्टी घेऊन येणार नाही. म्हणून मीच विचारलं, "आई, तू दिवसातून किती वेळा खाली उतरतेस?"

"अरे, हल्ली भाजीवाला वरच पाठवतो," ती म्हणाली.

"ते नाही विचारलं मी."

थोडा वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "गेल्या मंगळवारी उतरले होते."

डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. या वेळी एक्सेल नेणार नाही.