विश्लेषण : कळंब्याहून पँगाँगला निघालात? तिथून उतरण्यासाठी आधी चढावे लागते!

उन्हाळी सुट्टी जवळ आली की कोल्हापूर आणि कळंबा परिसरात लडाखचे बेत सुरू होतात. गाडीचे सर्व्हिसिंग, नवे टायर, सॅडल बॅग, पेट्रोलचा जादा कॅन अशी यादी लांबत जाते. पँगाँग सरोवराचे वेड ‘थ्री इडियट्स’ने २००९ मध्ये लावले. मराठी पर्यटकांना २६ डिसेंबर २०२४ पासून तिथे जायला आणखी एक कारण मिळाले आहे. त्या दिवशी सरोवराच्या काठी, १४ हजार ३०० फुटांवर, छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. अनावरण करणारे लेफ्टनंट जनरल हितेश भल्ला हे लष्कराच्या लेहस्थित १४ व्या कोअरचे प्रमुख होते आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे ‘कर्नल ऑफ द रेजिमेंट’ही. (लडाखच्या उजाड डोंगरात हा पुतळा कशासाठी, स्थानिकांना विचारले का, असा प्रश्न चुशूलचे कौन्सिलर कोन्चोक स्टॅन्झिन यांनी तेव्हा उपस्थित केला होता, हेही जाणाऱ्यांना माहीत असावे.)

गाडीची तयारी होते तेवढी शरीराची होत नाही. आणि पँगाँगच्या रस्त्याची रचना अशी आहे, की तिथे पोहोचल्यावर त्रास सुरू झाला तर सुटका सोपी नाही.

कळंबा आणि पँगाँग : दोन तलावांत फरक काय?

कळंबा तलाव संस्थानकाळात कोल्हापूर शहराला पाणी देण्यासाठी बांधला गेला. कात्यायनीच्या डोंगरातले पाणी त्यात उतरते आणि पावसाळ्यात तलाव भरला की सांडव्यावरून वाहू लागते. पँगाँगला सांडवाच नाही. सुमारे १३४ किलोमीटर लांब आणि जेमतेम पाच किलोमीटर रुंद अशा या सरोवरात बर्फ वितळून पाणी येते, ते बाहेर जाते फक्त वाफ होऊन. क्षार मागेच राहतात, म्हणून पाणी खारट. एके काळी हे सरोवर तांगत्सेच्या खोऱ्यातून श्योक नदीला मिळत होते, पुढे ती वाट बंद झाली. पाणी खारट असूनही हिवाळ्यात ते गोठते.

सरोवराचा साधारण एक तृतीयांश भाग भारताकडे आहे, उरलेला चीनच्या ताब्यात. २०२० मध्ये दोन्ही सैन्ये याच काठावर समोरासमोर उभी ठाकली होती, फेब्रुवारी २०२१ मध्ये ती मागे हटली. त्यामुळे परवाने, शुल्क आणि कुठपर्यंत जाता येईल याचे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी लडाख प्रशासनाचे संकेतस्थळ पाहावे, गेल्या वर्षीच्या व्हिडीओवर विसंबू नये.

उंची किती? कळसूबाईच्या मापात

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. लेह शहर सुमारे ३५०० मीटरवर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी लेह येत नाही. पँगाँग सुमारे ४२५० मीटरवर आहे आणि वाटेतली चांग ला ही खिंड सुमारे ५३६० मीटरवर. तीन कळसूबाई रचल्या तरी चांग ला वरच राहते. (लडाखी भाषेत ‘ला’ म्हणजे खिंड आणि ‘त्सो’ म्हणजे सरोवर. नाव एका दमात वाचून मराठी माणसाने फसू नये, ती खिंड फारशी ‘चांगला’ नाही.)

आपल्याकडच्या घाटांची सवय इथे अपुरी पडते. आंबा, फोंडा, आंबोली, गगनबावडा इथे भीती असते वळणाची, धुक्याची, दरडीची. सावकाश चालवले, हॉर्न दिला की घाट पार. श्वासाचा विचार करायची वेळ आपल्याला कधी आलेलीच नसते.

हवेत ऑक्सिजन कमी असतो का?

नाही. कळंब्यात हवेतला ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, चांग लावरही तेवढाच. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीच्या तुलनेत लेहमध्ये दाब साधारण दोन तृतीयांश राहतो, पँगाँगला सुमारे ६० टक्के आणि चांग लावर जवळपास निम्मा. दाब कमी म्हणजे एका श्वासात येणारे ऑक्सिजनचे रेणूच कमी.

हीच गोष्ट इंजिनाला लागू पडते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच जाते, गाडी काळा धूर सोडते आणि चढावर धापा टाकते. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोलचे प्रमाण आपोआप जुळवून घेते, तरी तिचीही ताकद घटतेच. पाणी पँगाँगला सुमारे ८६ अंशांना उकळते, त्यामुळे साध्या पातेल्यात भात शिजता शिजत नाही. शरीरात मात्र इंजेक्शन प्रणालीसारखे झटपट जुळवून घेणारे काही नाही. ते श्वास वाढवते, हृदयाचे ठोके वाढवते, रक्तातील आम्लाचा समतोल हळूहळू बदलते. त्याला तास नव्हे, दिवस लागतात.

ते दिवस दिले नाहीत तर काय होते? पहिल्या सहा ते बारा तासांत डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे. हा ‘अक्युट माउंटन सिकनेस’. इथे थांबले तर बहुतेकांना आराम पडतो. दुर्लक्ष करून आणखी वर गेले, तर काहींच्या फुप्फुसांत पाणी होते : बसल्या जागी धाप, खोकला, फेसाळ थुंकी. काहींच्या मेंदूला सूज येते : तोल जातो, बोलणे असंबद्ध होते. या दोन्हींत माणूस दगावू शकतो.

याबाबतचे जगातले महत्त्वाचे पुरावे भारतीय जवानांच्या अंगावरून आले आहेत. १९६२ च्या युद्धात सैनिकांना मैदानातून थेट उंचीवर न्यावे लागले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी अशा १९२५ रुग्णांचा अभ्यास १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. आज लष्कराचा नियम स्पष्ट आहे : ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, मग १२ ते १५ हजारांवर चार दिवस, त्याहून वर जायचे तर आणखी चार. हे निवडलेल्या, तंदुरुस्त जवानांसाठी. सुट्टीवर आलेला पर्यटक लेहमध्ये एक रात्र काढतो आणि दुसऱ्या दिवशी पँगाँगच्या तंबूत झोपतो.

मग अडचण नेमकी कुठे?

उंचीच्या आजारावर पहिला उपाय एकच : खाली उतरा. मनालीत, कारगिलमध्ये हे शक्य आहे. पँगाँगहून लेहच्या सोनम नोरबू स्मृती रुग्णालयात यायचे तर सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता आहे आणि मध्ये चांग ला आडवी. म्हणजे ४२५० मीटरवर ज्याला श्वास पुरत नाही, त्याला आधी आणखी अकराशे मीटर वर न्यावे लागते, तेव्हा कुठे उतार लागतो. तेही रात्री, वाऱ्यात, कदाचित बर्फात. तांगत्से-दुर्बुकहून श्योक नदीच्या काठाने नुब्रा खोऱ्यात उतरणारी वाट खिंड टाळते, पण नदीला पाणी आले की ती भरवशाची राहत नाही.

म्हणून जायचे की नाही, हा निर्णय लेहमध्येच घ्यावा लागतो, सरोवराच्या काठावर नव्हे. लेहमध्ये डोके दुखत असेल तर चांग ला चढायची नाही. ‘बुकिंग झालंय’ हे कारण फुप्फुसांना कळत नाही.

मनाली की श्रीनगर?

कोल्हापूरहून लेह अडीच हजार किलोमीटरहून अधिक आहे. शेवटच्या टप्प्याला दोन रस्ते आहेत. श्रीनगर १५८५ मीटरवर, मग झोजी ला ओलांडून कारगिल २६७६ मीटरवर मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी लेह. रोज थोडे थोडे चढत जाणारा हा रस्ता नवख्यांसाठी बरा.

मनालीचा रस्ता जास्त देखणा, जास्त फसवा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि ४६ किलोमीटर अंतर वाचले. पण बोगद्याने अंतर कमी होते, पुढची उंची नाही. बारालाचा ला ओलांडल्यावर बरेच जण सरचूला तंबूत मुक्काम करतात. सरचू सुमारे ४२९० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा उंच! सवय होण्यापूर्वीच सर्वांत उंच जागी झोप. त्यापेक्षा जिस्पाला दोन रात्री काढून पहाटे निघावे आणि दिवसभरात थेट लेह गाठावे. दमछाक होते, पण झोप खाली मिळते.

विमानाने जाणारे तर दिल्लीहून सव्वा तासात ३५०० मीटरवर. त्यांनी किमान दोन पूर्ण दिवस लेहमध्ये स्वस्थ बसावे. पोहोचल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढू नयेत. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असा डॉक्टरांचा दंडक आहे. लेह ते पँगाँग हा फरक साडेसातशेचा. वाटेत तांगत्सेला एक रात्र काढली तर तो विभागला जातो.

फिट असलेल्यांना त्रास होतो का?

होतो. रोज कळंबा तलावाला पळत फेरी मारणाऱ्यालाही होऊ शकतो. व्यायामाने दम वाढतो, उंचीची सवय होत नाही. उलट तंदुरुस्त तरुण लक्षणे लपवतात, ग्रुपमध्ये मागे पडायला त्यांना लाज वाटते.

कोविडपासून घराघरांत ऑक्सिमीटर आहे आणि ९४ च्या खाली आकडा म्हणजे धावपळ, हे डोक्यात पक्के बसले आहे. लेहमध्ये ८५ ते ९० आकडा अनेक धडधाकट माणसांचा असतो. त्यामुळे आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा : सरळ रेषेत चालता येते का, आराम करताना धाप लागते का? दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे कॅन काही मिनिटे पुरतात, त्यांच्या जोरावर वर चढणे धोक्याचे. अॅसिटाझोलामाइडची गोळी उपयोगी आहे, पण ती इथूनच डॉक्टरांना विचारून घ्यावी, सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गर्भारपण असेल तर आधी सल्ला. पहिले दोन दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद.

रस्त्यावर आणखी काय?

चांग लावर फोटो काढा, चहा घ्या, पंधरा-वीस मिनिटांत निघा. पँगाँगच्या अलीकडे ‘पागल नाला’ लागतो. सकाळी तो घोट्याएवढा असतो, दुपारी ऊन चढून बर्फ वितळले की दुचाकी ढकलून नेतो. त्यामुळे लेहहून पहाटेच निघणे बरे. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड हवे, तेही सरोवराजवळ सगळीकडे लागेलच असे नाही. कुठल्या रात्री कुठे मुक्काम, हे कागदावर लिहून घरी ठेवून जावे आणि गाडीत एक जागा अशी ठेवावी, जिथे आजारी माणसाला आडवे करून परत आणता येईल.