कपाटावरचा इंटरकॉम भंगारात घालण्यापूर्वी

साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, पतसंस्था, शीतगृह, आश्रमशाळा. सोलापूर जिल्ह्यातल्या अशा कोणत्याही जुन्या कार्यालयात गेले की कपाटावर नाहीतर जिन्याखाली एक करडी पेटी धूळ खात पडलेली दिसते. तिच्यातून निघालेल्या तारांचा गुंता भिंतीवर लोंबत असतो. ही त्या कार्यालयाची ईपीएबीएक्स मशीन, म्हणजे आपल्या बोलीतला इंटरकॉम. हातोहाती मोबाइल आले, तांब्याच्या तारेवरचे टेलिफोन परत केले गेले आणि पेटी मुकी झाली. मग एखाद्या दिवशी भंगारवाला येतो आणि वजनावर उचलून नेतो. तिकडे त्याच तालुक्यात दुसरी संस्था नवी कोरी मशीन घेण्याचा ठराव करते! हा व्यवहार काही शहाणपणाचा नव्हे.

या मशीनचे तंत्र आपल्याकडे चांगले रुजलेले आहे. सन १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिने तयार केलेले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे पहिल्यांदा बसले. सी-डॉटने आपले तंत्र देशी कारखान्यांना परवान्यावर दिले, त्यातून धूळ-उकाड्यात टिकणारी यंत्रे आली. त्या काळच्या पेट्यांतले सुटे भाग मोठे, हाताने डाग देता येतील असे आहेत. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा गावचा कारागीर त्यात हात घालू शकतो. आजच्या मोबाइलबाबत तसे म्हणता येत नाही.

आता कोणी म्हणेल, खिशात मोबाइल असताना हे लचांड कशाला? प्रश्न रास्त आहे. दोन खोल्यांच्या कार्यालयाला याची गरज नाही, त्यांनी घेऊच नये. पण जिथे माणूस नव्हे तर जागा गाठायची असते, तिथे इंटरकॉमच उपयोगी पडतो. वजनकाट्यावर कोणाची पाळी आहे हे माहीत नसले तरी काट्याचा नंबर फिरवला की तिथे जो असेल तो फोन उचलतो. शीतगृह, द्राक्षाचे पॅकिंग शेड, वसतिगृह, प्राथमिक आरोग्य केंद्र, मोठा गोठा अशी ही ठिकाणे. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला गेलेल्या माणसाला मोटारघरातून घरी बोलता आले तर घरच्यांचाही जीव थाऱ्यावर राहतो. आतल्या आत बोलण्याला बिल येत नाही. मशीनला बॅटरीची सोय असेल तर वीज गेली, टॉवर बंद पडला, तरी आतले फोन चालू राहतात.

घेताना आधी पोर्ट मोजावेत. पेटीवर ३०८ असा आकडा असेल तर बहुधा तीन बाहेरच्या लाइनी आणि आठ आतले फोन असा त्याचा अर्थ. आतल्या फोनला एक्स्टेन्शन म्हणतात. त्यातही साध्या दोन तारी फोनवर चालणारी मशीनच घ्यावी. काही मशीनना त्यांच्याच कंपनीचे बटणांचे खास फोन लागतात. तसा एक फोन बिघडला तर जोड शोधत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जावे लागते. फोनसकट मिळत असेल तरच अशी मशीन बघावी.

विकणारा म्हणतो, 'चालू आहे साहेब, दिवा बघा लागतोय.' दिवा लागला म्हणजे मशीन चालू, असे नाही. सोबत एक साधा फोन न्यावा आणि प्रत्येक एक्स्टेन्शनला आळीपाळीने जोडून बघावा. डायल टोन येतो का, घंटी वाजते का, दोन्हीकडचे बोलणे स्वच्छ ऐकू येते का, खरखर आहे का, हे प्रत्येक पोर्टवर पाहावे. एकाच वेळी दोन जोड्यांनी बोलून बघावे. मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावर आधीचे प्रोग्रॅमिंग टिकते का तेही बघावे. टिकत नसेल तर बहुधा आतला छोटा सेल संपलेला असतो. बाहेरच्या लाइनींची परीक्षा मात्र खरी लाइन लावूनच करावी लागते. तांब्याची लाइन राहिली नसेल तर फायबर जोडणीच्या पेटीवर फोनचे तोंड असते, त्यावरून जोड देता येतो. सिमकार्ड घालून लँडलाइनसारखा चालणारा टर्मिनलही चालतो. (एका पेटीत ढीगभर सिमकार्डे घालून इंटरनेटवरचे परदेशी कॉल इथल्या फोनवर वळवण्याचा उद्योग कोणी सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. विनापरवाना दूरसंचार सेवेला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.)

दुरुस्तीत सर्वांत जास्त बिघाड वीजपुरवठ्याच्या भागात असतो. तिथले कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले की ते बदलायचे, निम्म्या मशीन एवढ्यानेच बऱ्या होतात असा कारागिरांचा अनुभव. मात्र प्लग काढल्यावरही या भागात झटका साठून राहतो, म्हणून माहितगारानेच हात घालावा. फोनच्या तारेला निरुपद्रवी समजू नये. घंटी वाजताना तिच्यात ७५ व्होल्टच्या आसपास दाब असतो, ओल्या हाताला चांगलाच बसतो. बाकी बिघाड किरकोळ: रिसीव्हरची गुंडाळी तुटलेली, उंदरांनी कुरतडलेली तार, आत पालीचे बिऱ्हाड.

दुसरा मोठा शत्रू म्हणजे वळवाची वीज. मे महिन्यात आपल्याकडे गडगडाट झाला की शेतातून आलेल्या लांब तारेवरून लोट येतो आणि कार्ड जळते. काळे ठिक्कर पडलेले, जळका वास येणारे कार्ड दुरुस्त करण्यात पैसे घालू नयेत. उरलेले पोर्ट चालू असतील तर तेवढ्यावर भागवावे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडीला संरक्षक बसवावा आणि त्याला चांगली अर्थिंग द्यावी. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मोटारीच्या अर्थिंगला पाणी घालतो तसे यालाही घालावे.

अंतराचा हिशेब सोपा आहे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीला दर किलोमीटरला जाऊन-येऊन सुमारे १७५ ओहम अवरोध येतो. त्यामुळे तीनशे-चारशे मीटरवरचे मोटारघर लहान मशीनलाही जड जात नाही. तार मात्र दुसऱ्याच्या बांधावरून किंवा रस्त्यावरून न्यायची तर आधी विचारून घ्यावे, नाहीतर इंटरकॉम राहील बाजूला आणि भांडण सुरू होईल.

विकणाऱ्या संस्थांसाठी थोडे. ग्रामपंचायत किंवा सोसायटीची मशीन जडवस्तू नोंदवहीत असते. ठराव, निर्लेखन आणि रीतसर लिलाव झाल्याशिवाय ती दाराबाहेर जाता कामा नये. लेखापरीक्षणात आक्षेप आला की शंभर रुपयांच्या भंगारापायी सचिव हेलपाटे घालतो. पूर्ण मेलेल्या वस्तूंसाठी ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावा. दुरुस्त करून विकण्याच्या धंद्यालाही त्यात नोंदणी आहे. सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत, पण धंदा वाढला की चौकशी करावी. जीएसटीत नोंदणी असलेल्याला जुन्या मालावर खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची सवलत आहे. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेले नसावे, एवढी अट.

बांधावर केबल जाळून तांबे काढणे हा प्रकार तर बंदच व्हायला हवा. धूर विषारी असतोच, शिवाय राख आणि डागातले शिसे जमिनीत मुरते. जुन्या मशीनबरोबर येणारी शिशाची बॅटरीही ओढ्यात फेकू नये, बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी.

बिलाशिवायची केबल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. टेलिफोनच्या तांब्याच्या तारांच्या चोऱ्या होतात आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यावरही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा होतो. पावतीवर मशीनचा क्रमांक, किती लाइन, किती एक्स्टेन्शन, किती फोन हे लिहून घ्यावे. आणि प्रोग्रॅमिंगची पुस्तिका जुन्या मालकाच्या टेबलाच्या खणात राहिली असेल तर पैसे मोजण्याआधी मागून घ्यावी.