रिंगबाहेरची शेरी

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांचा विषय ठरलेला होता. दिवाळी अंकासाठी बायकांची कुस्ती. त्यांच्या डोळ्यांसमोर साक्षी मलिक होती, २०१६चं रिओ, कांस्यपदक. मी हो म्हटलं. पण कामाला बसायच्या आधी, उगाच आपलं, डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कंपनीच्या जुन्या लढती लावल्या आणि तिथंच अडकलो. आमच्या पिढीला केबल घरात आली तेव्हा पहिलं वेड या लढतींचंच लागलं होतं. शाळेच्या दप्तरात ट्रम्प कार्डांची गड्डी असायची, उंची, वजन, छाती, दंड असे आकडे लिहिलेली. त्या आकड्यांवर मी किती डाव जिंकले आणि किती पेन्सिली हरलो, त्याचा हिशेब नाही. माझ्या गड्डीत बाई मात्र एकही नव्हती. बायका असायच्या त्या रिंगच्या बाहेर. त्यांच्याकडं तेव्हा नीट पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं.

पाहिली ती २४ मार्च १९९१ची लढत. लॉस एंजेलिस, रेसलमेनिया ७. रँडी सॅव्हेज विरुद्ध अल्टिमेट वॉरियर, आणि हरेल त्यानं निवृत्त व्हायचं. सॅव्हेजनं वरच्या दोरावरून पाच वेळा कोपर मारूनही वॉरियर उठला आणि शेवटी सॅव्हेज हरला. तो आडवा पडलेला असताना त्याची मॅनेजर शेरी मार्टेल रिंगमध्ये शिरली आणि आपल्याच पैलवानाला लाथा घालू लागली. पोटापाण्याचं साधन बुडालं म्हणून चवताळलेली बाई. तेवढ्यात प्रेक्षकांतून एलिझाबेथ धावत आली. सॅव्हेजची जुनी मॅनेजर, गोष्टीत त्याच्यापासून तुटलेली. तिनं शेरीला केस धरून बाहेर फेकलं. सॅव्हेज उठला, तिला ओळखायला त्याला क्षणभर लागला, आणि मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडली. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला तर बायका ढसाढसा रडत होत्या. पुढं आणखी एक बारीक गोष्ट घडली. एलिझाबेथ नेहमीच्या सवयीनं दोर उचलून धरायला गेली. इतकी वर्षं तिनं दोर धरायचा आणि सॅव्हेजनं रिंगमध्ये ये-जा करायची, असा शिरस्ता होता. त्या दिवशी सॅव्हेजनं तिला थांबवलं आणि स्वतः दोर धरला.

या प्रसंगाबद्दल जे कोणी बोलतं ते एलिझाबेथबद्दल बोलतं, आणि ते बरोबरच आहे. पण दोनतीनदा पाहिल्यावर माझी नजर दुसरीकडंच जाऊ लागली. हे अश्रू काढले कोणी? शेरीच्या लाथा खऱ्या वाटल्या नसत्या, तिचा संताप जरा जरी बेतलेला वाटला असता, तर एलिझाबेथचं धावत येणं म्हणजे निव्वळ नाटकीपणा झाला असता. ललिता पवारांची सासू खाष्ट होती म्हणून सुनेसाठी डोळे भरून यायचे. लोक टाळ्या सुनेला देऊन घरी जायचे आणि सासूला बोटं मोडायचे.

शेरीचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकतो. जन्म १९५८, अलाबामातलं बर्मिंगहॅम. मूळ नाव शेरी रसेल. कुस्ती शिकण्यासाठी ती साउथ कॅरोलिनातल्या कोलंबियाला फॅब्युलस मूलाच्या शाळेत गेली. ही मूला म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या कुस्तीची सावकारीण. शिकवणार तीच, लढती मिळवून देणार तीच आणि कमाईतला हिस्सा कापून घेणारही तीच. शेरीचं तिथं फार काळ जमलं नाही. पुढं ती मिनियापोलिसच्या एडब्ल्यूए कंपनीत गेली, सप्टेंबर १९८५मध्ये शिकागोत तिथली विजेती झाली, आणि जुलै १९८७मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये येऊन खुद्द मूलालाच हरवून किताब घेतला. तो चौदाएक महिने टिकला. ऑक्टोबर १९८८मध्ये पॅरिसला रॉकिन रॉबिननं तो घेतला. निकाल आधीच ठरलेले असतात, तेव्हा ‘हरवलं’ आणि ‘घेतला’ ही क्रियापदं वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर घ्यावीत.

यानंतर कंपनीला बायकांच्या कुस्तीत रसच उरला नाही. १९९०मध्ये तो किताब गुंडाळला गेला आणि १९९३च्या डिसेंबरपर्यंत कोणाला आठवलाही नाही. म्हणजे शेरी मॅनेजर झाली ती बढती मिळून नव्हे. तिचं दुकानच बंद पडत चाललं होतं. रिंगमध्ये जागा नव्हती म्हणून ती रिंगच्या कडेला आली.

आपल्याकडचा वस्ताद आठवून पाहा. खासबागेत पठ्ठ्याची कुस्ती लागली की तो कडेला बसतो, फार तर एखादा डाव ओरडून सांगतो. रेसलिंगमधल्या मॅनेजरचं काम अगदी उलटं. पैलवानाला बोलता येत नसेल तर त्याच्या वतीनं बोलायचं, लोकांना डिवचायचं, आणि मुख्य म्हणजे पंचाची नजर योग्य क्षणी दुसरीकडं वळवायची. हे शेवटचं काम दिसतं त्याहून फार नाजूक आहे. पंच पालथा पडून हातानं जमिनीवर तीन मोजतो. दुसऱ्या थापेनंतर आणि तिसरीच्या आधी जी फट असते तिच्यात मॅनेजरनं पाय ओढायचा. लवकर ओढला तर कोणाचा श्वास अडकत नाही, उशीर झाला तर लढतच चुकीच्या माणसाच्या नावावर जाते. रिंगच्या कडेवर चढून पंचाशी हुज्जत घालायची तीही पाठीमागं काय चाललंय हे न बघता, फक्त प्रेक्षकांच्या आवाजावरून ओळखत.

शेरी हे करायची उंच टाचांचे बूट, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि डोळ्यांभोवती रंगवलेली नक्षी अशा थाटात. हातात पर्स, आणि त्या पर्समध्ये काहीतरी जड आहे हे सगळ्या सभागृहाला ठाऊक, एकटा पंच सोडून. १९८९च्या सप्टेंबरात सॅव्हेज ‘राजा’ झाला तेव्हा ही ‘राणी’ झाली आणि तिच्या हातातला राजदंडही शस्त्र म्हणून वापरात आला. आवाज असा की समालोचकांची वाक्यं तिच्या किंकाळीखाली बुडायची. एलिझाबेथ जवळजवळ काहीच बोलत नसे. तिचं सगळं काम चेहऱ्यावर, हात तोंडाशी नेण्यात, दोर धरण्यात. दोघींनी एकाच पुरुषाच्या बाजूला उभं राहून एकाच पेशाची दोन टोकं दाखवली. तरीही माझा कल शेरीकडं आहे, आणि त्याचं कारण तिचं पडणं.

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की संपलं. चितपट. सगळी कसरत, सगळी तालीम पाठ न टेकण्यासाठी. प्रोफेशनल रेसलिंगमध्ये पहिला धडाच पाठ टेकण्याचा असतो. हनुवटी छातीशी घट्ट, म्हणजे डोकं आपटत नाही. श्वास सोडलेला. दोन्ही हात पसरून तळव्यांनी जमिनीवर थाप, म्हणजे धक्का एका जागी न बसता अंगभर पसरतो आणि वर आवाजही येतो. खाली लाल माती नसते. ताक, हळद, तेल घालून मऊ केलेला हौदा नसतो. लोखंडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पातळसं गादीसारखं काहीतरी आणि ताणून बसवलेलं कापड. हे पडणं खोटं नसतं. निकाल ठरलेला असतो, पाठ खरीच आपटते. मॅनेजरला तर कित्येकदा त्या फळ्याही मिळत नाहीत, कारण ती रिंगबाहेर पडते.

ऑगस्ट १९९२, लंडनचं वेम्बली, ८० हजारांवर माणसं. आता शेरी शॉन मायकेल्सची मॅनेजर आहे. त्याची गाठ रिक मार्टेलशी. आडनाव एकच, नातं नाही. दोघंही देखणे, दोघांनाही त्याची घमेंड, म्हणून अट अशी की कोणी कोणाच्या चेहऱ्यावर मारायचं नाही. दोघं अट मोडून चेहऱ्यावर उठतात आणि शेरी बेशुद्ध पडते. मग एकानं तिला उचलून न्यायचं, दुसऱ्यानं मागून येऊन त्याला हाणायचं आणि ती धपकन खाली. मग दुसऱ्यानं उचलायचं, पहिल्यानं हाणायचं, पुन्हा खाली. लोक हसून लोटपोट. मी हा भाग आवाज बंद करून पाहिला. बेशुद्ध माणसाला पडताना हात पुढं करता येत नाहीत. हनुवटी आत घेतली तर सोंग उघडं पडतं. शिकवलेलं सगळं विसरून, मान सैल सोडून, दुसऱ्याच्या हातांवर भरवसा टाकून पडायचं. शेवटी तिच्या अंगावर पाणी ओततात. त्या लढतीचं नाव निघालं की लोकांना दोन देखणे पुरुष आठवतात.

मायकेल्स रिंगकडं येताना वाजणारं गाणंही तिच्याच आवाजातलं होतं. पुढं त्यानं ते स्वतःच्या आवाजात गायलं आणि उरलेली सगळी कारकीर्द त्याच गाण्यावर चालत आला. १९९३मध्ये शेरी कंपनीतून बाहेर पडली. नंतर डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत रिक फ्लेअरची मॅनेजर, मग हार्लेम हीट या जोडीची. त्या जोडीतला बुकर टी पुढं मोठा विजेता झाला. ज्याच्या शेजारी ती उभी राहिली तो वर गेला, ही यादी लांबवता येईल, पण लांबवत नाही.

कारण मला त्याहून जास्त छळणारी गोष्ट कागदांतली आहे. फेब्रुवारी १९८९मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनं न्यू जर्सीच्या सिनेटपुढं उघड सांगितलं की आमचं हे खेळ नव्हे, करमणूक आहे. आपल्याकडं नुरा कुस्ती म्हटलं तर पैलवान अंगावर येईल. तिथं मालकांनीच कबुली दिली, कारण क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर दोन्ही टळणार होते. बरं, करमणूक म्हणावी तर ही माणसं नट ठरायला हवीत. पण नटांना संघटना असते, विमा असतो. रेसलर कागदोपत्री ‘स्वतंत्र कंत्राटदार’. म्हणजे ना खेळाडू, ना नट, ना नोकर. वर्षातले दोनशे-तीनशे दिवस रस्त्यावर काढायचे, आरोग्यविमा आपला आपण बघायचा, निवृत्तिवेतनाचं नाव काढायचं नाही. १९८६मध्ये जेसी व्हेंचुरा या रेसलरनं संघटनेची भाषा करून पाहिली, ती विरून गेली. पुढं हाच गडी मिनेसोटाचा गव्हर्नर झाला. रेसलरांची संघटना मात्र आजही नाही.

रोज आपटणारी पाठ रोज दुखते. ती दुखते म्हणून गोळी घ्यायची, गोळीनं झोप उडते म्हणून दुसरी, आणि पुढच्या गावची लढत उद्यावर. हे चक्र पुरुषांना चुकलं नाही आणि बायकांनाही नाही. एलिझाबेथ १ मे २००३ रोजी जॉर्जियात गेली, दारू आणि गोळ्या एकत्र झाल्यानं. वय ४२. ज्या सॅव्हेजशी तिचं टीव्हीवर १९९१मध्ये थाटात लग्न लावलं गेलं, त्याच्याशी ती खरी विवाहबद्ध झाली होती १९८४मध्येच, आणि १९९२मध्ये काडीमोडही झाला होता. लूना व्हाशॉन, जिनं रेसलमेनिया ९ला शेरीवर हल्ला करण्याचं काम केलं होतं, ती २०१०मध्ये गेली, वय ४८. चायना नावाची रेसलर २०१६मध्ये, ४६. मी ही वयं एका कागदावर उतरवली आणि मग लिहिणं दिवसभर बाजूला ठेवलं. ट्रम्प कार्डांवर असेच आकडे असायचे.

शेरीला एप्रिल २००६मध्ये कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. तिची ओळख करून द्यायला उभा राहिला टेड डिबियासी, ज्याची ती कधीकाळी मॅनेजर होती. पुढच्याच वर्षी १५ जूनला बर्मिंगहॅमजवळच्या मॅकॅलामध्ये, आईच्या घरी तिचा मृत्यू झाला. ४९ वर्षं. रक्तात अनेक औषधं सापडली, त्यांत ऑक्सिकोडोन हे वेदनाशामक भरपूर. नऊ-दहा दिवसांत क्रिस बेन्वा या रेसलरनं बायको-मुलाचा खून करून आत्महत्या केली, वर्तमानपत्रं त्या बातमीनं भरून गेली, अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं कंपनीकडं विचारणा केली. त्याच वर्षी कंपनीनं आपल्या जुन्या कलाकारांना व्यसनमुक्तीच्या उपचारांचा खर्च देऊ केला. शेरीपर्यंत ती मदत पोहोचायची शक्यताच उरली नव्हती.

संपादकांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, अहो, पण यात बायकांची कुस्ती कुठंय? मी त्यांना मार्च २००५चा एक तुकडा पाठवून दिला. टीव्हीवरचा कार्यक्रम, कर्ट अँगल नावाचा ऑलिम्पिक सुवर्णविजेता खलनायक आणि त्याच्या शेजारी सत्तेचाळीस वर्षांची शेरी. मायकेल्सची टर उडवायला दोघं तेच जुनं गाणं शब्द बदलून गातात. मग पडद्यावर तिचे आणि मायकेल्सचे जुने प्रसंग लागतात आणि तिचे डोळे भरून येतात. अँगलला ते खपत नाही. तो तिला खाली पाडतो, तिचा घोटा दोन्ही हातांत धरून पिळतो, आणि ती सगळ्या जगाला ऐकू जाईल अशी ओरडते. सभागृह अँगलवर खवळून उठतं. रेसलमेनियाला दोनतीन आठवडे उरलेले, तिकडं त्याची लढत मायकेल्सशी. ती लॉस एंजेलिसलाच झाली, ३ एप्रिलला, आणि अँगलनं मायकेल्सचा घोटा तसाच पिळून ती जिंकली. शेरीला त्या लढतीत काही काम नव्हतं.