अनध्यायांतील स्वाध्याय

जुन्या पाठशाळांतून अनध्यायाचे दिवस ठरलेले असत. त्या दिवशीं वेदाचा नवा पाठ वर्ज्य. परंतु वेदांगांचें अध्ययन व नित्याचा स्वाध्याय यांस अनध्यायाची आडकाठी नाहीं, असेंहि मनुस्मृतींत सांगितलें आहे. गुरु थांबला तरी विद्यार्थ्यानें थांबूं नये, हा त्यांतील मथितार्थ. उन्हाळ्याची सुट्टी हा आजच्या शाळांचा दीर्घ अनध्यायच होय. त्या काळांत आपल्या घरांतील मुलांच्या स्वाध्यायाची व्यवस्था काय असते, याचा सुज्ञ वाचकांनीं विचार करावा.

सुट्टींत जें मूल वाचनास पारखें होतें, तें शाळा उघडतांना मागें पडलेलें दिसतें, असा आमचा अध्यापनांतील अनुभव आहे. हा केवळ मास्तरांचा ग्रह नव्हे. बार्बरा हेन्स या अमेरिकन विदुषीनें अटलांटा शहरांतील मुलांविषयीं १९७८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. सुट्टींतील बौद्धिक वाढीस इतर कोणत्याहि सार्वजनिक संस्थेपेक्षां ग्रंथालयाचें साह्य अधिक होतें, असा तिचा निष्कर्ष आहे.

ब्रिटनमधील ग्रंथालयांनीं १९९९ पासून यासाठीं एक सोपा उपक्रम चालविला आहे. चार ते अकरा वर्षांच्या मुलांनीं ग्रंथालयांत नांव नोंदवावें व सुट्टींत सहा पुस्तकें वाचावीं, अशी त्याची मूळ योजना. पुस्तक कोणतें घ्यावयाचें, हें मुलानेंच ठरवावयाचें. गोष्टीचें चालतें, विनोदाचें चालतें, चित्रांचेंहि चालतें. संकल्प पुरा झाला कीं प्रमाणपत्र मिळतें.

येथें आमच्याकडील वडीलधारी मंडळी भुंवया उंचावतील. मुलाला निवड करूं दिली तर तें हलकेंसलकें वाचील, ही त्यांची भीति. मग आजोबा थोरांचें चरित्र हातीं देतात, काका सामान्यज्ञानाचें पुस्तक सुचवितात, आणि आई प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहींत लिहून मागते. हेतु सर्वांचा शुद्ध. परंतु मुलाच्या दृष्टीनें शाळाच घरीं येऊन बसते!

ह्या भीतीला उत्तर फ्लॉरिडा प्रांतांतील एका प्रयोगानें दिलें आहे. रिचर्ड अ‍ॅलिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील १७ शाळांतील ८५२ मुलांना, सलग तीन उन्हाळे, दरवर्षीं प्रत्येकीं १२ पुस्तकें दिलीं. मुलें बहुतेक गरीब घरांतील होतीं. पुस्तकें मुलांनीं स्वतः निवडलीं होतीं, आणि त्यांत लोकप्रिय नटगायकांचीं चरित्रेंहि होतीं. २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना पुस्तकें मिळालीं नव्हतीं त्या मुलांपेक्षां हीं मुलें वाचनाच्या परीक्षेंत सरस ठरलीं, आणि अत्यंत गरीब मुलांचा लाभ सर्वांत मोठा होता. ज्याला वाचनाची गोडी लागली तो पुढें चरित्राकडेहि वळतो. ज्याला धाकानें वाचावयास लावलें तो मात्र धाक सुटतांच पुस्तक मिटतो.

आपल्याकडे ग्रंथालयांची उणीव नाहीं. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ मधलें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधलें. १९६७ च्या कायद्यानंतर शासनमान्य ग्रंथालयें गांवोगांव झालीं. तथापि कित्येक ठिकाणीं बालविभागाचीं कपाटें कुलुपांत असतात, आणि टेबलामागील गृहस्थ जें काढून देतील तें मुलानें निमूटपणें न्यावें, अशी रीत दिसते. जेथें निवडच नाहीं तेथें गोडी कोठून उपजणार?

म्हणून ग्रंथालयाचे सभासद असलेल्या वाचकांस आमची सूचना अशी कीं, पुढील सुट्टीपूर्वीं त्यांनीं कार्यकारी मंडळास तीन गोष्टी सांगाव्या. सुट्टींत रोज दोन तास बालविभागाचीं कपाटें मुलांसाठीं उघडीं ठेवावीं; एका वेळीं दोन पुस्तकें घरीं न्यावयास द्यावीं; आणि सुट्टीपुरती मुलांची अनामत माफ करावी. ह्याला फारसा खर्च लागत नाहीं, थोडा विश्वास मात्र लागतो.

घरच्या वडिलांचें काम याहून सोपें. मुलाला ग्रंथालयापर्यंत न्यावें व कपाटापाशीं एकटें सोडावें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें गोष्ट सांगावयास घेतली तर ती ऐकावी. आपण होऊन प्रश्न विचारूं नयेत. आणि दुपारीं हातांतील मोबाईल खालीं ठेवून आपणहि त्याच्या शेजारीं एखादें पुस्तक उघडावें. स्वाध्याय लहानथोर सर्वांनाच सांगितला आहे.