मदरबोर्ड: विजेचा आणि वेळेचा कारभारी

मुंबईतल्या जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याजवळचे सीप्झ हे औद्योगिक क्षेत्र १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी वसले. आज जोगेश्वरी-अंधेरीच्या या पट्ट्यात असंख्य माणसांचा दिवस संगणकासमोर जातो. तरी नवा संगणक घेताना चौकशी होते ती प्रोसेसर कोणता आणि रॅम किती याचीच. मदरबोर्ड म्हणजे सुटे भाग बसवायची हिरवी पाटी, एवढाच त्याचा मान. हा समज मला साफ चुकीचा वाटतो. आकडेमोड प्रोसेसर करतो, हे खरे. पण त्याला लागणारी वीज आणि वेळ बोर्ड सांभाळतो, आणि काम तिथेच सर्वांत अवघड आहे.

संगणकाच्या वीजपुरवठा पेटीकडून, म्हणजे एसएमपीएसकडून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला हवे असतात जेमतेम सव्वा. १०० वॅटच्या प्रोसेसरला इतक्या कमी दाबावर ८० अँपिअर प्रवाह लागतो. घरातल्या गिझरचा प्लगसुद्धा १६ अँपिअरचाच असतो. सॉकेटभोवती ओळीने बसलेले मॉसफेट नावाचे स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करून १२ व्होल्टचे तुकडे पाडतात, कॉइल त्या तुकड्यांचा सलग प्रवाह करतात आणि प्रोसेसरची मागणी अचानक वाढली की कपॅसिटर साठवलेला भार पुरवतात. सगळे दाब स्थिर होईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रिसेटमध्ये धरून ठेवतो. मगच बायोसच्या चिपमधली पहिली आज्ञा वाचली जाते.

बोर्डाला एवढा मान देण्यावर जाणकारांचा आक्षेप असतो, आणि तो वजनदार आहे. पूर्वी रॅमचा कारभार बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपकडे असे. एएमडीने २००३ साली आणि इंटेलने २००८ साली तो प्रोसेसरच्या पोटात नेला. मग बोर्डाकडे तारांखेरीज उरले काय? माझ्या मते तारांचे महत्त्व उलट वाढले. १९८१ च्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. एका ठोक्याच्या अवधीत संकेत तांब्याच्या रेषेतून तीसेक मीटर जाऊ शके. तेव्हा एखादी रेषा दोन बोटे जास्त लांब असली तरी बिघडत नव्हते. डीडीआर४-३२०० रॅममध्ये एका बिटच्या वाट्याला ०.३१ नॅनोसेकंद येतात आणि तेवढ्यात संकेत पाचेक सेंटिमीटरच सरकतो. म्हणून रॅमकडे जाणाऱ्या काही रेषा मुद्दाम नागमोडी काढलेल्या असतात: सोबतचे बिट एकाच वेळी पोहोचावेत, यासाठी जवळच्या वाटेलाही वळसे दिलेले असतात. पाटी म्हणून हिणवलेल्या वस्तूतली ही कारागिरी मला फार मोलाची वाटते.

‘बोर्ड डेड’ म्हणून तो भंगारात देण्याआधी हे सारे आठवावे. मुंबईच्या दमट हवेत धूळ ओल धरते आणि संपर्काच्या जागा गंजतात. उष्णतेने जुन्या कपॅसिटरमधला द्रव सुकतो. बोर्ड अनेक थरांचा असतो, आतली रेषा तुटली तर दुरुस्ती परवडत नाही, हे म्हणणे मान्य. पण मॉसफेट, कॉइल, कपॅसिटर हे भाग वरच्या थरावर उघडे बसलेले असतात. शॉर्ट झालेला मॉसफेट मल्टिमीटरने सापडतो, हॉट एअरने निघतो आणि त्याच मापाचा दुसरा तिथे बसतो; बाकीचा बोर्ड तोच राहतो.